पडवीतली कुंदा

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो आणि जोह्यातल्या माझ्या गणपतीच्या कारखान्यात माझ्या परवानगीशिवाय ब्रशसुद्धा धुतला जात नव्हता. त्या सालच्या दिवाळीनंतर कुंदा कामाला आली.

तिचा आता पेणमध्ये सत्कार झाला म्हणे. गावचे मास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, "तात्या, ती तुमच्याकडे होती. चार शब्द लिहा, पुस्तिकेत छापू." मी म्हटलं, लिहितो, पण चांगलं लिहिणार नाही. ते हसले. मी काही हसण्यासाठी बोललो नव्हतो. माझी शाळा तिसरीत सुटली. काना-मात्रा मास्तरांनी सुधाराव्यात, मजकुराला हात लावू नये.

मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. वय एकोणीस, पदरी दोन पोरं, आणि आवाज असा की सुकत ठेवलेल्या मूर्ती दचकाव्यात. माहेर वडखळच्या पलीकडे खाडीवर, मिठागरात. त्यांच्यात बापालाही 'तू' म्हणतात. कारखान्यात पन्नाशीचे कारागीर मला 'तुम्ही' म्हणायचे, आणि ही काल आलेली पोर दारातून विचारायची, "तात्या, जेवलास काय?" मी उत्तर देत नसे. ती उत्तरासाठी थांबतही नसे.

ळ तिच्या तोंडात बसत नसे. डोळ्याला डोला म्हणायची. डोळे आखणं हे आमच्या धंद्यातलं शेवटचं आणि सगळ्यांत मानाचं काम. ते मी स्वतः करतो. तिने एकदा विचारलं, "मना शिकव ना डोले." मी म्हटलं, "आधी म्हणायला शीक." तिला पितांबर रंगवायला बसवलं. काम वाईट नव्हतं, एवढंच लिहितो.

ब्रशाचं टोक जुळवायला बाकीच्या बायका तो पाण्यात बुडवून दोन बोटांत पिळतात. ही तो आपल्या तेलकट वेणीतून ओढायची. वेणीचं टोक कायम पिवळं. जोह्याच्या रस्त्याला कुणी पाठमोरी चालली असली आणि वेणीला पिवळं दिसलं, की मला कळायचं, पुढे कुंदा आहे, आपण जरा मागून चालावं.

तिचा नवरा हरेश धाटावला कंपनीत होता. माझा धाकटा रमाकांतही तिथेच. दोघांची शिफ्ट, दोघं रोह्याला खोली करून राहायचे आणि सुट्टी पडली की घरी यायचे. कुंदा सासूजवळ जोह्यात. तिच्या धाकट्या पोराला ती 'शिफ्टवाला' म्हणायची. मला वाटायचं, बापाच्या नोकरीवरून म्हणत असेल.

आता पडवीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

माझ्या वडिलांपासूनचा आमचा नियम असा, की बाईचे चार दिवस असले की तिने मूर्तीला आणि मातीला शिवायचं नाही. दुसऱ्या कारखान्यांत बायका त्या दिवसांत घरी बसत आणि त्यांचा रोज बुडे. मी तसं केलं नाही. कारखान्याच्या मागे कुडाची पडवी काढली, वर माडाचे झाप टाकले. त्या दिवसांत बायकांनी तिथे बसावं, रंगाच्या करवंट्या धुवाव्यात, मूर्तींच्या खाली घालायला पेंढ्याच्या वेण्या वळाव्यात. रोज पूर्ण मिळेल. पुरुषाने तिकडे फिरकायचं नाही, हा नियमही माझाच. आजूबाजूचे कारखानदार हसले, पण बायका माझ्याकडे टिकल्या. देवाचा मानही राहिला आणि कामही. हे मी केलं, कुणा संस्थेने नाही.

संस्था त्या हिवाळ्यात आली. पेणहून जीप, दोन बायका, एकीच्या हातात छत्री, पावसाचं नाव नाही. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे तरुण मुली आहेत. लवकर लग्न, लवकर मूल, लगेच दुसरं. आम्ही त्यांना पाळणा लांबवण्याबद्दल सांगतो. एक तास द्या."

मी म्हटलं, "बाई, इथं देव होतात."

"मुली पण इथंच आहेत ना?"

"त्या कामाला हायत."

दुसरी पहिलीला हळूच म्हणाली, पण मी ऐकलं: "आपण बोललो तरी या मुली काही विचारणार नाहीत. त्यांच्या वयाची, त्यांच्यातलीच एखादी तयार व्हायला हवी."

मी त्यांना जीपपर्यंत पोचवलं, म्हणजे घालवलं. छत्री खांबाला विसरली होती. कुंदा ती उचलून, पिवळ्या हातांनी, जीपच्या मागे धावली. परत आली ती बऱ्याच वेळाने. मी विचारलं, "छत्री द्यायला एवढा येळ?"

"उघडत नव्हती तात्या. उघडून दाखवली."

मी ते खरं मानलं. पुढच्या महिन्यात तिची सासू आजारी पडली, म्हणून चार दिवस खाडा. सासू धडधाकट होती, हे मला नंतर कळलं. कुंदा त्या जीपवाल्या बायकांकडे रोह्याला शिकायला गेली होती.

त्याच सुमारास आमच्या घरी मंगलचं झालं. मंगल म्हणजे रमाकांतची बायको, माझी धाकटी सून, कुंदाच्याच वयाची. पहिलं बाळंतपण. पेणच्या दवाखान्यातून तिला अलिबागला हलवावं लागलं. रमाकांतचं रक्त दिलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. घरी आणली तेव्हा मंगल खडूसारखी पांढरी होती. डॉक्टर म्हणाला, तीन वर्षं दुसऱ्याचं नाव काढू नका, पुढच्या वेळी मी जबाबदारी घेणार नाही. डॉक्टर असं बोलतातच. मला नातू हवा होता. थोरल्याला मुलीच, आणि कारखान्याला घरचा हात लागतो. मी ते कारखान्यात बोलून दाखवलं, कुणाला सांगायला म्हणून नाही, आपलं काम करता करता.

कुंदाने पितांबरावरचा ब्रश उचलला नाही. म्हणाली, "तात्या, मंगल अजून नीट उभी राहत नाय."

मी म्हटलं, "माझी आई अकरा वेळा बाळंत झाली."

"जगली किती?"

"मी बसलोय ना तुझ्यासमोर."

"न तुझी आय?"

माझी आई अकराव्या वेळी गेली, हे जोह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा तोंडाला उत्तर द्यायचं नसतं. मी डोळ्याची रेघ ओढत होतो ती ओढली. ती जरा जाड आली.

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. कुंदा पडवीत फार बसते. महिन्याच्या सुरुवातीला बसली, मधे पुन्हा बसली, शेवटी आणखी. बाईमाणसाचं मी विचारणार कसं? मी मनाशी ठरवलं, हिला रक्ताचा काही विकार आहे. काही झालं तरी माझ्या कारखान्यातली बाई. मी वैद्याकडून अशोकाची साल आणली आणि आमच्या मालकिणीला, यमुनेला म्हटलं, काढा करून कुंदाला पाज, रोज सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत.

यमुनेने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं.

कुंदा तो काढा प्याली. पेलाभर, कडूजहर, एका दमात. तोंड पुसून म्हणायची, "तात्या, तुझ्या हाताला गुन हाय." आणि पडवीतून एकदम हसणं. मला ते हसणं बरं वाटायचं. म्हटलं, औषध लागू पडतंय.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. काथ्याचे गठ्ठे मी पडवीच्या कुडाला बाहेरून रचून ठेवायचो. माणूस हाताशी नव्हता, म्हणून मी स्वतः गेलो. आत जायचा प्रश्नच नव्हता, कुडाच्या बाहेर उभा होतो. पण कुड म्हणजे काय, कारवीच्या काड्या आणि शेण. आतलं सगळं बाहेर येतं.

आत शालू होती, वैशाखात लग्न ठरलेली. आणखी दोघी-तिघी होत्या. आणि कुंदाचा आवाज.

"...मना पयलं पोर झालं न नर्सने गोल्या दिल्या. नीट सांगितलं असेल तिनं, मी लाजेनं ऐकलंच नाय. मी आपली हुशार. नवरा शिफ्टला, घरी येतो सुट्टीला. मंग रोज गोली कशाला वाया घालवा? तो येल त्या दिवशी एक खायाची. कॅलेंडरवर त्याची शिफ्ट बघायची न गोली काढायची."

शालू म्हणाली, "मग बरोबरच केलंस की."

"बरोबर? पयला चालायला लागायच्या आत दुसरा पोटात. तो बघ, शिफ्टवाला."

सगळ्या हसल्या. मला त्या नावाचा अर्थ तेव्हा कळला आणि कान गरम झाले.

"हसताव काय गो? तुमी पन हेच कराल. सगल्यांचे नवरे धाटावला नायतं मुंबयला. माझा बाप आगरात बांध घालतो. बांध काय उधानाच्या दिवशी घालतात? उधान यायच्या अगोदर बांध पायजे, रोज पायजे, पानी असो नसो. तशी गोली. नवरा घरी असो नायतं रातपालीला असो, रोज. दिवा लावलास की खा, म्हनजे इसरायची नायस."

एक बारीक आवाज आला, "आणि विसरलं तर?"

"आठवली की लगेच घे, दुसरीची येल मोडू नको. दोन-तीन इसरलीस तं नर्सला इचार, मना नको. आनि रोजची आठवन जमत नसेल तं तांबी हाय, नर्स बसवते. निरोध नवऱ्याला कंपनीच्या दवाखान्यात फुकट मिलतात, मागायला लाजतात मेले. माझा हरेश आता बसमधे सगल्यांना सांगतो. पयल्या दिवशी त्याला चिडवून मारला."

"तुला लाज नाय वाटली गो, आपलं असं सांगायला?"

"पयली आपली चूक सांगायची, मंग दुसरीची इचारायची. नायतं कोन बोलतंय? ती जीपवाली बाय लई शिकलेली, पन तिची चूक तिनं सांगितली काय?"

काथ्याचा गठ्ठा मी तिथेच टाकला.

मी पुढच्या दाराने आत गेलो आणि यमुनेला बोलावलं. म्हटलं, "कुंदाला विचार, आज तिचे दिवस हायत की नायत."

यमुना जागची हलली नाही. म्हणाली, "नायत."

"तुला ठावं होतं?"

"अवो, सगळ्या कारखान्याला ठावं हाय. काढा पाजलात तेव्हापासून."

म्हणजे माझी पडवी, माझा नियम, पुरुषाने फिरकू नये अशी मी आखून दिलेली जागा, हिने त्याचीच शाळा केली. दर महिन्याला प्रत्येक पोर आपोआप तिच्यासमोर चार दिवस येऊन बसणार, आणि कुणी विचारणार नाही. संस्थेला मी एक तास दिला नाही. हिने माझ्याच झापांखाली बारा महिने घेतले असते.

मी ओरडून तिला बोलावलं. सगळे कारागीर काम थांबवून उभे. ती करवंटी हातात घेऊनच आली.

"खोटं बोलून पडवीत बसतेस?"

"मी कवा बोलली माझे दिवस हायत? कोनी इचारलं? तू काढा दिलास, मी प्याली."

"देवाचा नियम मोडलास!"

"कोनता?" ती म्हणाली. "भायेरची बाय आत बसली असती तं देव बाटला असता. शुद्ध मानूस भायेर बसला तं देव बाटतो काय? सांग."

मी वडिलांचं आठवून पाहिलं. त्यांनी अशा बाबतीत काही सांगितलं नव्हतं. नियमात ती बाजूच नव्हती. एखाद्याने आपल्या घराला मागचं दार आहे हे आपल्यालाच दाखवावं, तसं झालं. मला तिचा पूर्वी राग होता, आता दुप्पट आला. मी पहार घेतली, मागे गेलो, बायकांना उठवलं आणि पडवीच्या मेढी उपटल्या. कुणाला हात लावू दिला नाही. कुड आडवा झाला तेव्हा करवंट्या चहूकडे घरंगळल्या.

परत आलो तेव्हा ती गेली असेल, असं वाटलं होतं. ती बसून हातातल्या मूर्तीच्या पितांबराचा काठ पुरा करत होती. मी म्हटलं, "ऊठ."

"काठ अर्धा ठेवू काय? मंग तूच बोलशील."

काठ पुरा केला. ब्रश वेणीतून ओढला, धुतला, जागच्या जागी ठेवला. तेवढ्यात साच्यावरच्या माणसाने शाडूचा गोळा ओल्या साच्यात दाबायला घेतला. माझं लक्ष गेलं आणि सवयीने मी ओरडलो, "अरे, साचा ओला हाय! उन्हात घाल आधी. लागोपाठ काढलास तर साचा पण जाईल न गणपतीला नाक पण येणार नाय!"

कुंदा दारात थांबली. सगळ्यांसमोर म्हणाली, "साच्याला इसावा देतस तात्या. सुनेला पन दे."

आणि गेली.

सांगणारे म्हणतील, खरंच बोलली. खरं असेल किंवा नसेल. मालकाला त्याच्या कारखान्यात, त्याच्या कारागिरांसमोर असं बोलायचं नसतं. शहाण्या माणसाला जागा कळते. तिला कधी कळली नाही. ती पोरांना घेऊन नवऱ्याकडे रोह्याला राहायला गेली. मला बरं वाटलं.

पडवी गेली तसं काम रखडू लागलं. बायका त्या दिवसांत घरी बसायला लागल्या. वैशाखात शालूचं लग्न झालं. दिलं गावातच, म्हणून ती कामावर राहिली. पण तीही महिन्यातून चार दिवस दिसेना. यमुना दोनदा म्हणाली, "पडवी घाला परत, नायतर पोरी दुसरीकडे जातील." मी म्हटलं, "जाऊ देत." कारागिरांतल्या एकाने विषय काढला. त्याला म्हटलं, "तू रंगव." मी एकदा मोडलेलं परत जोडत नाही. जोह्यात विचारा कुणालाही.

मे महिना संपत आला होता. रमाकांतला कंपनीतून सुट्टी नव्हती आणि त्याच्याशी एक घरचं बोलायचं होतं, म्हणून मी पेणहून रोह्याला गेलो. बोलायचं ते नातवाचंच होतं, लपवण्यासारखं काय आहे? बाळंतपणाला चार-पाच महिने होत आले होते. तो शिफ्टवरून यायला उशीर होता. मी एस.टी. स्टँडवर बाकावर बसलो.

धाटावहून कंपनीची बस आली. उतरणाऱ्यांची गर्दी, त्यांना घ्यायला आलेल्या दोन-चार बायका. स्टँडच्या कोपऱ्यात रसवंतीच्या मागे तीन पोरी एका बाईभोवती उभ्या होत्या. नव्या लग्नाच्या, हातात हिरवे चुडे. मधल्या बाईची पाठ माझ्याकडे होती आणि वेणीचं टोक काळं होतं. म्हणून मी ओळखली नाही. मग ती हसली.

मी तोंड फिरवलं. उपयोग झाला नाही.

"तात्या! जेवलास काय?"

येऊन बाकावर बसली, मधे पिशवी ठेवून. शिफ्टवाला कडेवर. मी बसच्या पाटीकडे बघत राहिलो. तिने विचारलं, डोळे किती झाले, यंदा माती कशी आहे, काथ्या महागला काय. मी हां-हूं केलं. मग ती गप्प झाली. कुंदा गप्प झाली की काहीतरी येणार, हे मला कारखान्यापासून माहीत होतं.

"तात्या, तुला एक सांगायचंय. रागावलास तं रागाव, सवय हाय मना. तुझा रमाकांत बसमधे हरेशला बोलला. हसत बोलला. मंगल गोल्या खाते."

माझ्या घरात. माझ्या सुनेने. मी उठलो.

"बस. पुढचं ऐक. ती सुट्टीच्या दिवशीच खाते. तो घरी येतो त्या दिवशी."

मी बसलो नाही, पण गेलोही नाही.

"तुझ्या मालकिनीनं दिल्या असतील, मी शालूकडं दिलेल्या. पन मंगल कवा पडवीत बसली नाय ना. मालकाची सून, तुमच्याकडं बसायची घरात. तिला कोनी नीट सांगितलं नाय. ती माझ्यासारखीच शिफ्ट बघतेय." तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझं निभावलं. मी म्हैस हाय. तिचं नाय निभावायचं. डॉक्टर बोललाय ना तुला?"

"तू सांग की मग," मी म्हटलं. "तुझं तोंड चालतंय."

"तुझ्या घरात मना कोन घेईल? न तू तरी तिला कसा सांगशील? सासरा तू." ती असं म्हणाली जणू मी विचारलंच होतं. "माझी गरज नाय तात्या. शालूला सगलं ठावं हाय. पोरी एकमेकींना सांगतात. त्यांना फकस्त बसायला जागा पायजे, जिथं तुमी बाप्ये येत नाय."

मी म्हटलं, "मी मोडलेलं परत जोडत नाय."

"ठावं हाय." ती उठली. "पयली आपली चूक सांगायची म्हनजे दुसरा बोलतो. तू काय सांगशील?"

"माझी चूक नाय."

ती हसली, स्टँडभर. "मंग नको सांगू. काढा बाकी बरा होता रे."

आणि गेली, त्या तीन पोरींकडे. मी शेवटची पाहिली ती अशी: एका हाताने पोर सावरते आहे, दुसऱ्या हाताने हवेत बांध दाखवते आहे, इथपासून इथपर्यंत, आणि त्या हिरव्या चुड्यांच्या पोरी त्या हाताकडे बघताहेत. कुणी पुरुष जवळून गेला की चौघी गप्प. तो गेला की परत सुरू. तिला मी त्यानंतर पाहिलं नाही. सत्कारालाही गेलो नाही.

रमाकांतला मी भेटलो नाही. आलेली पहिली गाडी धरली.

संध्याकाळी मंगलने जेवायला वाढलं. भाताची पळी तिच्या हातात जड होत होती. नखांना अजून रंग आला नव्हता. देव्हाऱ्यात दिवा लागलेला होता. ती तिथून आली आणि सरळ चुलीकडे गेली, कुठे थांबली नाही, तोंडात काही टाकलं नाही. रमाकांतच्या सुट्टीला अजून दोन दिवस होते. यमुनेने विचारलं, "भेटला काय रमा?" मी म्हटलं, "गाडी चुकली." मी तिलाही काही विचारलं नाही. तिच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही, तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायला मी पहार घेऊन कारखान्याच्या मागे गेलो. जुने खड्डे भरले होते, तेच उकरले आणि मेढी रोवल्या. कारागीर आले, बघत उभे राहिले. एकाने विचारलं, "तात्या, हे काय?" मी म्हटलं, "पाऊस येतोय. काम रखडतंय. झाप आण." कुड उभा केला, त्याला कारवी आतून-बाहेरून दाट लावली, पहिल्यापेक्षा दाट. काथ्याचे गठ्ठे तिथून उचलून दुसऱ्या अंगाला नेले.

शालू त्या दिवशी पडवीत बसायची होती, हे यमुनेकडून कळलं. करवंट्यांची पाटी मी पडवीच्या दारात ठेवली. मग घरी गेलो आणि यमुनेला म्हटलं, "मंगलला कारखान्यात पाठव. घरची सून म्हणून वेगळा नियम नाय. पडवीत बसून करवंट्या धुवायच्या, शालूबरोबर."

मंगलने खाली बघितलं. यमुना म्हणाली, "अवो, पण तिचे आज..."

"ठावं हाय मला," मी म्हटलं. "शुद्ध माणूस भायेर बसला तर देव बाटत नाय."

मी कारखान्यात आलो, हात धुतले, ब्रश घेतला आणि पहिल्या मूर्तीचा डावा डोळा आखायला बसलो. मागून बराच वेळ नुसता करवंट्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि कुजबुज सुरू झाली. मी मागचं दार ओढून घेतलं आणि उजवा डोळा घेतला.